नृसिंहाच्या आख्यानात टाळी कुठे पडते?

वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या नारदीय पद्धतीने कीर्तन करतात. पत्रातील मुख्य भाग असा :

“यंदा नृसिंह नवरात्रात जन्माचे कीर्तन माझ्याकडे होते. खांब दुभंगला, नृसिंहाने हिरण्यकशिपूला उंबरठ्यावर मांडीवर आडवे घेतले आणि सभामंडपात टाळ्या-शिट्ट्यांचा नुसता पाऊस पडला. दरवर्षी पडतो, पण यंदा तो मला खटकला. दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतला पाचवीतला एक मुलगा घरी आला. त्याचा बाप त्याला पट्ट्याने मारतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उसाचे बिल थकले की मार वाढतो. मुलगा म्हणाला, ‘बाई, असा नरसिंह आमच्या घरी येईल का?’ मला उत्तर सुचले नाही. हातावर प्रसाद ठेवला आणि पाठवून दिले. पुण्यातला भाचा म्हणतो, ‘मावशी, या रक्तपाताच्या गोष्टी आता बंद करा.’ उत्सव मंडळातला एक तरुण म्हणतो, ‘अजून जोरात सांगा, आजकाल असंच पाहिजे.’ आपल्या पुराणांत एवढी हिंसा का आहे? ती देवांची की आपली? हे आख्यान मी सोडून द्यावे का?”

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांकडे येण्यापूर्वी त्या मुलाच्या प्रश्नाकडे पाहू, कारण तो पुराणाबद्दलचा प्रश्न नाही. मला घरी मार बसतो, तो मला सोसवत नाही आणि माझा बाप मरावा असे मला कधी कधी वाटते, या तीन गोष्टी त्याने आपल्याला एका वाक्यात सांगितल्या आहेत. सरळ शब्दांत सांगण्याची त्याची छाती झाली नसती. आपल्या आख्यानाने त्याला बोलायची वाट दिली. त्याला पुन्हा बोलवा. “वडील आहेत, भल्यासाठीच मारतात” हे वाक्य कृपा करून त्याच्यापुढे उच्चारू नका. मार बसतो यात तुझी चूक नाही, राग आला म्हणून तू वाईट मुलगा ठरत नाहीस, आणि कुणाचेही पोट न फाडता हा मार थांबवू शकणारी मोठी माणसे आहेत, त्यांतली एक मी आहे, एवढे त्याला कळले पाहिजे. हे कुणालाही सांगणार नाही, असे वचन मात्र देऊ नका. ते पाळता येणार नाही. एकटीने जाऊन बापाला फैलावर घेण्याचा मोहही टाळा, कारण त्या संध्याकाळचा हिशेब मुलाच्या पाठीवर चुकता होईल. मुलाची आई आणि त्याचे वर्गशिक्षक यांना विश्वासात घ्या आणि १०९८ या क्रमांकावर फोन करा. ही मुलांसाठीची मदतवाहिनी दिवसरात्र चालते, फोनला पैसे पडत नाहीत आणि कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवतात. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो, सांगलीतही आहे. मुलाला अशी क्रूर वागणूक देणे हा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. अंगावर वळ किंवा जखमा दिसल्या, तर हे सगळे त्याच दिवशी करावे.

आता पुराणांतल्या हिंसेविषयी. ती आपली आहे, असे माझे मत आहे. परंतु एवढेच म्हणून थांबणे म्हणजे काहीच न सांगणे. ती आपल्यात कुठून येते, हे आपले कथाकार चांगले ओळखून होते, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा आपण दरवर्षी सांगता त्याच आख्यानात आहे. फक्त तो ज्या अध्यायांत आहे, ते आपण घाईत गाळतो.

भागवताच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपू प्रथम भेटतो तो भाऊ गमावलेला माणूस म्हणून. विष्णूच्या वराह अवताराने त्याच्या भावाला, हिरण्याक्षाला, मारले आहे. संतापाने थरथरत तो सेवकांना गावे आणि नगरे उद्ध्वस्त करण्याची आज्ञा देतो, ती जाळली जातात, आणि मग भावाचे उत्तरकार्य उरकून तो आई दिती, भावजय आणि पुतणे यांचे सांत्वन करतो. ते सांत्वन वाचण्यासारखे आहे. आत्मा मरत नाही, देह नाशिवंत आहे, शोक कशाला करायचा, असे एखाद्या पोचलेल्या संताला शोभेल असे निरूपण तो करतो. तिकडे गावे जळत आहेत आणि इकडे वेदान्त चालला आहे! आपल्या शोकाला जो तोंड फुटू देत नाही, जो दुसऱ्यांना शहाणपण सांगून स्वतः कोरडा राहतो, त्याचा शोक सुडाच्या वाटेने बाहेर पडतो, हे ओळखायला या कथाकाराला कोणत्याही मानसशास्त्राची गरज लागली नाही.

पुढे पाचव्या अध्यायात तो प्रल्हादाला मांडीवर घेतो, त्याचे मस्तक मायेने हुंगतो, त्याचे डोळे भरून येतात आणि तो विचारतो, बाळा, गुरुजींकडे जे शिकलास त्यातले सर्वांत चांगले काय ते सांग. मुलगा विष्णूची नवविधा भक्ती सांगतो. बाप त्याला मांडीवरून खाली जमिनीवर फेकून देतो. ज्याने आपल्या काकाला मारले त्याचेच पाय हा पुजतो, हे त्याचे शब्द आहेत. म्हणजे बापाच्या लेखी मुलगा भक्त नाही, फितूर आहे. विष, हत्ती, साप, कड्यावरून लोटणे, हे सगळे या क्षणानंतर सुरू होते. आणि शेवटी नृसिंह त्याला कुठे घेतो? दारात, स्वतःच्या मांडीवर. ज्या मांडीवरून मुलाला फेकले, तिचाच जाब तिथे घेतला जात आहे, असे मला वाटते. आपण कीर्तनात मांडीचे हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. सभामंडपातल्या कित्येक बापांच्या पोटात कालवेल.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ मध्ये असा तर्क मांडला की धर्माच्या मुळाशी, बापाला मारण्याची मुलांची इच्छा आणि त्या इच्छेचा पश्चात्ताप आहे. इतिहास म्हणून तो तर्क टिकला नाही, पण मुलाच्या मनाविषयी त्यातले काही खरे आहे. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी लहान मुलांसोबत काम करताना असे मांडले की जवळच्या माणसाविषयीचे प्रेम आणि द्वेष लहान मुलाला एकत्र पेलत नाहीत, म्हणून ते त्या माणसाचे मनात दोन तुकडे करते : एक पूर्ण चांगला, एक पूर्ण वाईट. प्रल्हादाच्या कथेत बापाचे असेच दोन तुकडे झाले आहेत. एक बाप कड्यावरून लोटतो. दुसरा, दातांचा आणि आयाळीचा, खांबातून येतो आणि डोक्यावर हात ठेवतो. आणि मारण्याचे काम मुलाला करावे लागत नाही, हेही महत्त्वाचे आहे. प्रल्हादाने बोटसुद्धा उचललेले नाही. पाचवीतल्या त्या मुलाला ही गोष्ट इतकी का भिडली, हे आता आपल्या लक्षात येईल. ती त्याच्या मनातला राग त्याच्याकडून काढून घेते आणि देवाकडे सोपवते. रात्री झोप लागावी म्हणून मुलांना कधी कधी अशी सोय लागते.

अपमान आणि शोक यांतून निघालेली हिंसा महाभारतात तर पिढ्यान्‌पिढ्या चालते. द्रुपदाने जुन्या मित्राला, द्रोणाला, दारिद्र्यावरून हिणवले. द्रोणाने शिष्यांकरवी त्याला बांधून आणवून अर्धे राज्य घेतले. द्रुपदाने द्रोणाला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. त्या धृष्टद्युम्नाने शस्त्र खाली ठेवलेल्या द्रोणाचे मस्तक उडवले. आणि ज्याला लहानपणी दूध म्हणून पाण्यात कालवलेले पीठ पाजले होते, त्या अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्यांना कापून काढले. यातला एकही माणूस स्वतःच्या लेखी सुरुवात करणारा नाही. प्रत्येक जण उत्तर देत आहे. आणि हे महाभारत वैशंपायन सांगतो ते कुठे? बापाच्या सर्पदंशाचा सूड म्हणून जनमेजयाने मांडलेल्या सर्पसत्रात, जिथे नाग आगीत पडत आहेत. ज्याची आई नागकन्या आणि बाप ऋषी, तो आस्तीक येऊन ते सत्र थांबवतो.

सगळीच हिंसा रागातून येते असेही नाही; काही आज्ञेतून येते. रेणुकेला यल्लमा म्हणून पुजणारी, जतच्या किंवा सौंदत्तीच्या यात्रेला जाणारी घरे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि परशुरामाने बापाच्या सांगण्यावरून आईचे मस्तक उडवले ही गोष्ट त्या घरांतल्या मुलांना ठाऊक असते. आपण ती पितृभक्तीचा दाखला म्हणून सांगतो. वनपर्वातली कथा मात्र तेवढ्यावर थांबत नाही. चार थोरल्या मुलांकडून ती आज्ञा पाळली जात नाही आणि त्यांना बापाचा शाप मिळतो. धाकटा ती पाळतो, आणि प्रसन्न झालेल्या बापाकडे आई जिवंत व्हावी, तिला या वधाची आठवण राहू नये आणि हे पाप आपल्याला शिवू नये, असे वर मागतो. आज्ञा पाळताना हात चालला, पण नंतर ते घडलेच नसावे असे त्याला वाटते. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे आठवतो. पलीकडच्या खोलीतला माणूस भिंत बडवत असताना, प्रयोगशाळेतला अधिकारी ‘चालू ठेवा’ म्हणतो म्हणून ४० पैकी २६ जणांनी विजेच्या झटक्याचे अगदी शेवटचे बटण दाबले. झटके खोटे होते, पण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, आणि त्यांतले कित्येक जण घामाघूम होऊन, थरथरत ते बटण दाबत होते. क्रूर माणसापेक्षा आज्ञाधारक माणूस कमी घातक असतो, या आपल्या समजुतीला त्या आकड्याने चांगलाच तडा दिला.

इतर धर्मांतही हेच सापडते. बायबलमध्ये काइनाचे अर्पण नाकारले जाते, आबेलाचे स्वीकारले जाते, आणि माणसाच्या पहिल्या खुनाचे कारण म्हणून त्या ग्रंथाला एवढे पुरते. जैन परंपरेत भरत आणि बाहुबली यांचे युद्ध सैन्ये बाजूला ठेवून दृष्टी, जल आणि मल्ल अशा तीन प्रकारांनी होते. भावावर मात करूनही बाहुबली विजय टाकून वनात जातो. कुंभोजच्या बाहुबली तीर्थाला जाणारे आपले जैन शेजारी ही कथा सांगतात तेव्हा लढाईइतकेच महत्त्व त्या माघारीला देतात. हे मला फार शिकण्यासारखे वाटते.

आता आपल्याला खटकलेल्या टाळीकडे येतो. फ्रेंच विचारवंत रने झिरार यांनी १९७२ पासून असे मांडले की आपसांतल्या चढाओढीने समूह फुटायला आला की तो सगळा राग एकावर लादतो, त्याला मारतो किंवा हाकलतो, आणि त्या क्षणी पुन्हा एक होतो. पुराणकथांत ही घटना बहुतेक वेळा मारणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेली असते. झिरार यांचे सगळेच मला पटत नाही. प्रत्येक कथेत बळीचा बकरा शोधायची त्यांना सवय लागली होती. परंतु उत्सवाच्या वर्गणीवरून ज्यांचे वाद झाले, बांधावरून ज्यांचे कोर्टात दावे चालू आहेत, ती माणसे त्या क्षणी एकाच ठेक्यात टाळ्या वाजवतात, हे आपणही पाहिले असेल. त्या टाळीत भक्ती असते, आणि दिवसभर गिळलेला कुणावरचा तरी रागही असतो. थकलेल्या बिलाचा राग पोरावर काढणारा तो बापसुद्धा कदाचित त्या मंडपात बसला असेल आणि त्यानेही टाळी वाजवली असेल. स्वतःला तो हिरण्यकशिपू समजत नाही. कुणीच समजत नाही.

भाच्याची काळजी अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवे. ब्रॅड बुशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या आणि ॲमस्टरडॅममधल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. सर्वांना हिंसेची एकच जुनी कथा वाचायला दिली; काहींना ती बायबलमधली आहे असे सांगितले, काहींना एका प्राचीन हस्तलिखिताच्या गुंडाळीतली; आणि निम्म्यांच्या कथेत, देवाने या सुडाची आज्ञा दिली, असा मजकूर घातला. नंतरच्या एका खेळात प्रतिस्पर्ध्याच्या कानात कर्कश आवाज सोडण्याची मुभा होती. देवाची आज्ञा वाचलेल्यांनी अधिक मोठे आवाज सोडले, आणि श्रद्धाळूंमध्ये हा परिणाम जास्त दिसला. प्रयोगशाळेतल्या आवाजावरून गावातल्या दंगलीविषयी निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण रक्ताचा प्रसंग सगळ्यांनीच वाचला होता. फरक पडला तो देवाची परवानगी जोडल्यामुळे. मंडळातल्या तरुणाला आपल्याकडून नेमकी तीच परवानगी हवी आहे. “आजकाल असंच पाहिजे” या वाक्यात हिरण्यकशिपूच्या जागी त्याच्या मनात कोण आहे, हे त्याला एकट्याला गाठून, शांतपणे आणि खरोखर उत्तर ऐकण्याच्या तयारीने विचारा. बहुतेक वेळा तिथे कुणा एका माणसाने केलेला अपमान सापडतो आणि त्यावर एका अख्ख्या जमातीचे नाव चिकटवलेले असते.

भाच्याला मात्र सांगा की गोष्टी बंद केल्याने राग बंद होत नाही. त्या मुलाने आख्यान ऐकले नसते, तर मार तेवढाच बसला असता आणि आपल्याला त्याचे मन कळले नसते.

तेव्हा आख्यान सोडू नका, पुरे सांगा. त्यात एक अडचण आहे, याची मला जाणीव आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला जन्मकाळ सूर्यास्ताचा. खांब त्या वेळेलाच फुटला पाहिजे, फुले पडली पाहिजेत, आरती झाली पाहिजे, आणि नंतर माणसे थांबत नाहीत. त्यामुळे कथा दरवर्षी पोट फाडण्यावरच संपते आणि लोक तेच घेऊन घरी जातात. वास्तविक भागवतात त्यानंतर दोन अध्याय आहेत. दैत्य मेला तरी देवाचा क्रोध उतरत नाही. ब्रह्मदेव आणि रुद्र दुरूनच स्तुती करतात. लक्ष्मीला पुढे व्हायला सांगतात, तर असे रूप तिनेही कधी पाहिलेले नसते, तीसुद्धा भिऊन जवळ जात नाही. शेवटी लहानग्या प्रल्हादाला पुढे पाठवतात आणि तो स्तुती करतो. राग कितीही न्याय्य असला तरी तो आपोआप विझत नाही आणि आपल्या माणसांनाही त्याची भीती वाटते, हे इतक्या स्पष्टपणे सांगितलेले मी दुसरीकडे फारसे वाचलेले नाही. प्रल्हादाच्या या स्तुतीत विंचू-साप मारले गेले की साधूंनाही आनंद होतो, असेही एक वचन आहे. ते वचन लपवू नका, कारण मंडळातला तरुण ते कधी तरी शोधून आपल्यापुढे ठेवीलच. पण ते वचन ‘आता क्रोध आवरा’ या विनंतीला जोडून आलेले आहे, आणि पुढच्याच अध्यायात प्रल्हाद आपल्याला छळणाऱ्या बापाची शुद्धी व्हावी असा वर मागतो. तुझा पिता एकवीस पिढ्यांसह पावन झाला, असे सांगून नृसिंह त्याला पित्याचे अंत्यसंस्कार करायला पाठवतो. हाही मुलाच्या मनाचाच भाग आहे : मार थांबावा, पण बाप उरावा. आपल्याकडे आलेल्या मुलाचीही इच्छा बहुधा तीच असेल, मात्र त्याने वडिलांना क्षमा करावी असे आपण त्याला सुचवू नये. प्रल्हादाने वर मागितला तो छळ संपल्यावर.

जन्माच्या दिवशी पूर्वरंगातच, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या, निरूपणाच्या भागातच, हिरण्यकशिपूचा शोक आणि मांडीवरचा तो प्रसंग घ्या, म्हणजे संध्याकाळी उंबरठ्यावर कोण मरतो आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असेल. उरलेले दोन अध्याय उत्सव संपताना, लळिताच्या कीर्तनाला ठेवा. टाळ्या तरीही पडतील. त्यांच्यावर मंडपात रागावू नका. मुलाच्या बाबतीत १०९८ वर फोन केल्यानंतर काय हालचाल झाली, ते मात्र मला आठवडाभरात कळवा. तिथून दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे अर्ज कसा करायचा, ते मी आपल्याला पत्राने लिहून पाठवीन.